पालखीमागे लो गिअर

गाडीचा पट्टा जळाला की जो वास येतो, तो मी आता झोपेतसुद्धा ओळखीन. त्यात रबर असतं, तापलेलं लोखंड असतं आणि शेजारी उभ्या माझ्या भावाचं "काय नाय गं, कोनतरी टायर जाळतंय" हेही असतं.

मी कामोठ्याला राहते, तिसऱ्या मजल्यावर, आणि शाळेतल्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते. माहेर पनवेलच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. गावची देवी डोंगरावर बसते. चैत्रात तिची जत्रा असते. पालखी गावातून निघते, डोंगर चढते आणि वर देवळात टेकते. टेकली की पहिला नारळ फोडायचा मान आमच्या घराचा, म्हणजे घरातल्या थोरल्या पुरुषाचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. ह्या मानाचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्या गावाला पाठ आहेत. पालखीच्या पुढे कोणी जायचं नाही. पालखी वाटेत खाली ठेवायची नाही. आणि ती देवळात टेकताना मानकरी तिथे हजर पाहिजे. नसला तर नारळ पुढच्या घराकडे जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. पुढचं घर म्हणजे आबांच्या चुलतभावाचं.

हे आमचे काका पालखीचा पुढचा दांडा धरायचे. कितीतरी वर्षं तो दांडा त्यांच्याच खांद्यावर. आबांचं आणि त्यांचं बोलणं बंद होतं. का, ते दोघांनाही धड सांगता येत नसे, पण बंद होतं म्हणजे होतं. मानावर काकांचा डोळा आहे असं गावात म्हणत. काका स्वतः काहीच म्हणत नसत, म्हणून लोकांना ते जास्तच खरं वाटे.

आबांचे गुडघे गेले होते. अर्धं आयुष्य चिखलात भात लावण्यात गेलं, उरलेलं मिठागरात मिठाच्या पाट्या वाहण्यात. डॉक्टर म्हणाले, वाट्या बदला. आबा म्हणाले, "वाटी बदलायची ती जेवताना." विषय संपला. त्या वर्षीच्या जत्रेला ते डोंगर चढले, पण कसे चढले ते मी मागून पाहत होते. दर वळणावर झाडाला हात लावून उभे राहायचे आणि कोणी पाहिलं तर झाड कुठलं आहे ते सांगायचे. पालखी देवळापुढे नाचत होती म्हणून वेळेत पोचले. "आबा आलं, आबा आलं" असा गलका झाला आणि त्यातच कोणीतरी बोललं, "पुढल्या साली काय करतीन?"

ते आबांनी ऐकलं. घरी येऊन ओट्यावर बसले, पाण्याचा तांब्या हातात तसाच. मला म्हणाले, "बाय, मना दुसरा काय नको. मी हाय तवर नारल आपल्या घरात ऱ्हाऊ दे."

मला रडायला आलं की मी चिडते. मी आईवर चिडले, डॉक्टरांवर चिडले आणि देवीवरही चिडले, की एवढ्या उंच बसायची काय गरज होती.

उपाय भावाने शोधला. भाऊ सप्लायर आहे. रेती, खडी, जेसीबी, जे मागाल ते. पावसाळा सरला तसा तो एका फार्महाऊसवाल्याकडून डोंगरात चालवायची गाडी घेऊन आला. चार जाडजूड चाकं, दोन सीट, मागे सामानाला हौदा, वर लोखंडी नळ्यांचा पिंजरा. तिचं खरं नाव इंग्रजीत काहीतरी होतं. गावाने पहिल्याच दिवशी तिचं नाव रणगाडा ठेवलं आणि तेच राहिलं.

आता मानकरी गाडीत बसून गेला तर चालतं का? गावकीची बैठक बसली. कोणी म्हणे चालतं, कोणी म्हणे हा कसला मान, ही तर सहल. शेवटी सगळ्यांची तोंडं काकांकडे वळली. नाही म्हटलं तर फायदा कोणाचा, ते उघड होतं. काकांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "देवीच पालखीत बसून जाते. ती तरी कुठं चालते?" बैठक मोडली.

भावाला इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी त्याने चाचणी घेतली. चाचणी म्हणजे हौद्यात मावतील तेवढे मित्र आणि पिंजऱ्याला लोंबकळतील तेवढे भाऊबंद. गावाला नीट दिसावं म्हणून गाडी मुंगीच्या पावलाने चढावर घेतली. अर्ध्यात तो वास आला, मग फाट्कन आवाज झाला, आणि इंजिन मजेत घुरघुरत असताना गाडी जागची हलेना. सगळे उतरले आणि रणगाडा ढकलत खाली आणला. त्यात सगळ्यात जड माणूस स्टिअरिंगवर बसला होता, तो माझा भाऊ.

मग फोन मला. "ताय, गाडीचा पुस्तक इंग्लिशमधी हाय. तू वाच." गाढवापुढे वाचली गीता, हे माहीत असूनही मी वाचलं.

प्रकार साधा आहे. गिअर नसलेल्या स्कूटरला असतो तसाच ह्या गाडीत रबराचा पट्टा असतो, फक्त चांगला जाड. तो दोन पुल्यांमध्ये फिरतो. पुल्या त्याला दोन्ही बाजूंनी आवळतात, म्हणून चाकं फिरतात. गाडी नीट वेगात असली की पकड घट्ट बसते आणि पट्ट्याला काही होत नाही. पण ओझं भरपूर, चढ उभा, गिअर हाय आणि वेग पालखीचा असेल, तर पुली पट्ट्याला धड धरतही नाही आणि सोडतही नाही. तो नुसता घासतो, तापतो, कडेने काचेसारखा गुळगुळीत होतो आणि एक दिवस फाटतो. म्हणून चढाला लो गिअर. निघायचं तर ठामपणे निघायचं, थांबायचं तर ब्रेकवर. ॲक्सिलरेटर अर्धवट दाबून चढावर लटकत राहायचं नाही. पट्ट्याच्या डब्यात थंड हवा जाते ती नळी मोकळी ठेवायची. पाणी आत जाऊ द्यायचं नाही, ग्रीसचा हात लावायचा नाही. नवीन पट्टा आधी काही दिवस रिकाम्या गाडीत हळूहळू तापवायचा आणि निववायचा, मग त्याच्याकडून काम घ्यायचं.

"म्हंजे नव्या नवरीला वागवतात तसा?" भावाने विचारलं.

"तसा नाही. नव्या नवरीला वागवायला पाहिजे तसा," मी म्हटलं. वहिनी आतून खोकली.

पनवेलच्या जुन्या बाजारातल्या पार्टवाल्याने पट्टा मागवून दिला. देताना जळका पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि मला म्हणाला, "मॅडम, पट्टा जळत नाय. पट्टा जाळतात." मी भावाकडे पाहिलं. तो दुकानातले आरसे पाहत होता.

त्या हिवाळ्यात दर रविवारी मी माहेरी. नवरा म्हणायचा, लोकांच्या बायका माहेरी पापड लाटायला जातात. मी पट्टा मुरवायला जायचे. भरावाच्या मोकळ्या मैदानात रणगाडा मीच फिरवायचे, कारण भावाला सावकाश म्हणजे काय ते कळत नव्हतं. आबा खुर्ची टाकून बसायचे आणि विचारायचे, "मुरला काय?" लोणच्याचं विचारावं तसं. मी म्हणायचे, मुरतोय. ते बोटांवर चैत्र किती लांब आहे ते मोजायचे.

मग आली भावाच्या मित्राची हळद. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही पाहिलं त्याला सांगून पटणार नाही. नवरदेवाची एंट्री रणगाड्यातून करायची असं ठरत होतं. मी फोनवर सांगितलं, खबरदार. भाऊ म्हणाला, "येडी हाय काय तू? आबांची गाडी हाय ती."

पुढच्या रविवारी मी पट्ट्याच्या डब्याचं झाकण उघडलं. पट्ट्याच्या कडा पॉलिश केलेल्या बुटासारख्या चकाकत होत्या. हवेच्या नळीच्या तोंडाशी सोनेरी-गुलाबी चमकीच्या कागदांचा हा एवढा गोळा. एंट्रीला नळकांड्यातून उडवतात ना, तो कागद.

"हे काय?"

"वारा सुटला असंन," भाऊ म्हणाला.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्याला जे काय बोलले ते आई ऐकत होती म्हणून अर्धंच बोलले. बेंजो-बँडच्या मागे, नवरदेव आणि त्याचे अर्धा डझन मित्र घेऊन, हाय गिअरमध्ये, तासभर रांगत. पट्टा मारायची ह्यापेक्षा चांगली रीत गाडी बनवणाऱ्यांनाही सुचली नसती. परत नवीन पट्टा मागवला, परत मुरवला. हळदीचा पट्टा फाटला नव्हता, म्हणून तो स्पेअर म्हणून ठेवला. आबांना आम्ही काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलंच, कारण हळदीला तेही होते.

जत्रेचा दिवस उजाडला. चैत्राचं ऊन सकाळीच डोक्यावर. बेत माझा होता आणि तो सोपा होता. पालखीच्या मागे रांगायचं नाही. पायथ्याला थांबायचं, पालखी एक टप्पा वर जाऊ द्यायची, मग आपण लो गिअरमध्ये एका दमात तेवढं अंतर काटायचं, सपाटीवर थांबायचं, इंजिन बंद करायचं, परत पालखीला पुढे जाऊ द्यायचं. भावाकडून मी हे पाढ्यासारखं म्हणून घेतलं होतं. गाडीत फक्त तो आणि आबा. मी मागून चालत, खांद्यावर स्पेअर पट्टा. एका म्हातारीने त्याला हात लावून नमस्कार केला आणि विचारलं, "देवीचा हाय काय?" मी म्हटलं, हो.

पहिला टप्पा झकास गेला. दुसऱ्याला आबा अस्वस्थ झाले. पालखी वळणाआड गेली, बेंजोचा आवाज लांब झाला आणि त्यांना बसवेना. "देवी पुढं गेली नि मी हतं बसलोय पावन्यावानी. चल, चल रं." भाऊ म्हणाला, ताय रागवंल. आबा म्हणाले, "मान तुझ्या तायचा हाय का माझा?" भावाने चावी फिरवली. गाडी निघाली आणि पालखीच्या पाठीला जाऊन चिकटली.

पालखी म्हणजे दोन पावलं पुढे, एक मागे. दोन्ही बाजूंना नाचणारे, मध्ये नाचणारे. चढ उभा होता. भाऊ ब्रेक लावायचा सोडून ॲक्सिलरेटर अर्धा दाबून गाडी तिथल्या तिथे तोलत होता. मी मागून ओरडतेय, ब्रेक दाब, ब्रेक! बेंजोपुढे माझं कोण ऐकतंय. तेवढ्यात पुढचं चाक एका दगडाच्या पायरीला अडलं. आबांवर गावाचा जीव, म्हणून सगळ्यांनी मदत केली. चार जण ढकलायला आले, आणि ज्यांना ढकलायला जागा मिळाली नाही ते हौद्यात चढले. भावाने पाय पूर्ण दाबला. चाक जागचं हललं नाही. आत पट्टा मात्र जीव जाईपर्यंत घासला.

वास आला. फाट्कन झालं. हौद्यातला एक जण म्हणाला, "कोनतरी टायर जाळतंय."

पालखी कोणासाठी थांबत नाही, आणि पुढच्यांच्या लक्षातही आलं नाही. ती नाचत वर गेली, आणि ढकलणारेही तिच्यामागे. भावाने तापलेलं झाकण उघडताना बोटं भाजून घेतली. फाटलेल्या पट्ट्याचे धागे पुलीभोवती केसांसारखे गुंडाळले होते. ते एकेक ओढून काढायचे, एकही ठेवायचा नाही, नाहीतर दुसरा पट्टाही त्यात अडकून जातो. मी काढत होते. भाऊ रडकुंडीला आला, "ऱ्हाऊ दे ना गं दोन धागे!" मी म्हटलं, दोन धाग्यांनीच जातो. वरून बेंजो ऐकू येत होता, आणि प्रत्येक क्षणाला वाटत होतं की आता थांबेल. थांबला की पालखी टेकली.

आबा गाडीतून उतरले. काठी घेतली आणि चालायला लागले. थोडंसं गेले, आधी काठी वाकडी पडली, मग ते एका दगडावर बसले. मी धावत गेले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

"जाऊ दे बाय," म्हणाले. "त्याच्या घरात तरी जाईल. लांब नाय कुठं."

मी त्यांच्या पायाशी बसून भडाभडा रडले. ह्या वेळी चिडता आलं नाही.

थोड्या वेळाने भाऊ म्हणाला, "ताय, बेंजो तिथंच हाय." खरंच. आवाज लांब जात नव्हता, थांबतही नव्हता. तेच गाणं, त्याच जागेवरून, परत पहिल्यापासून. मग वरून एक माणूस धापा टाकत खाली आला आणि ओरडला, "पालखी जड झाली! हालतच नाय!"

पालखी जड होते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. देवी रुसली की तिचं वजन वाढतं आणि भोयांना पाऊल उचलवत नाही. मग गाऱ्हाणं घालायचं, काय चुकलंमाकलं ते पदरात घे म्हणायचं. तो माणूस म्हणाला, पाणी ओवाळलं, गाऱ्हाणं झालं, मागचे खांदे बदलले. पुढच्या दांड्याला काका आहेत, ते दांडा कोणाला देत नाहीत, म्हणतात जड हाय, पुढं जात नाय.

आबा ज्या दिशेने आवाज येत होता तिकडे बघत राहिले.

मी परत पुलीकडे गेले. शेवटचा धागा काढला, हळदीचा चकचकीत पट्टा चढवला, झाकण आवळलं. भाऊ स्टिअरिंगकडे निघाला तसे आबा गाडीत बसत म्हणाले, "तू चालत ये. बाय चालवंल." भावाने भाजलेली बोटं तोंडात घातली आणि मान हलवली.

मी लो गिअर टाकला. पाय एकदाच, ठाम ठेवला, आणि दगडाला वळसा घालून निघाले. वळण घेतलं तर समोर पालखी, पुढच्या वळणावर आडवी. घामाने निथळणारी माणसं, आणि सगळ्यात पुढे काका, खांद्यावर दांडा, डोळे मिटलेले. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले. मागे वळून पाहिलंही नाही.

"हलकी झाली!" काका ओरडले. "चला!"

आणि पालखी नाचली नाही. धावली. त्या शेवटच्या चढावर पालखी धावल्याचं गावात कोणी पाहिलं नव्हतं. बेंजोवाले वाजवत पळत होते. ना थांबणं, ना रांगणं. मी तिच्या मागे एकाच वेगात, पट्टा बिचारा गप गुमान फिरत राहिला, आणि आबा पिंजऱ्याची नळी दोन्ही हातांनी धरून पुढे वाकलेले. पालखी देवळात टेकली तेव्हा आबा पायरीवर उभे होते.

नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यात फुटला आणि एकच जयघोष झाला. आबांच्या तोंडावर पाणी उडालं, ते त्यांनी पुसलं नाही.

गर्दी प्रसादाकडे वळल्यावर मी काकांजवळ गेले. ते देवळाच्या खांबाला पाठ लावून उभे होते. सगळे बसले होते, ते उभेच. मी विचारलं, "काका, खरंच जड झाली होती?"

"देवीचा वजन देवीला इचार," काका म्हणाले.

उतरायची वेळ झाली. आबा सीटवर बसले, मी गाडी सुरू करत होते. भोई, बेंजोवाले, बायका, सगळे खाली निघाले होते. काका तेवढे गाडीच्या मागे हौद्याला हात लावून उभे, वाटेकडे बघत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना विचारा, चढण परवडली, उतरण नको. त्यांचा उजवा पाय पाऊल न टाकताच कापत होता. किती वर्षं कापत होता कोण जाणे. दांडा खांद्यावर असताना पायांकडे कोण बघतं.

भाऊ म्हणाला, "काका, गाडीत एकच मानूस... पट्टा..." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो प्रसाद घ्यायला निघून गेला. काका हौद्यात चढले. चढताना त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा पाय उचलून आत ठेवला. ते आमच्याकडे पाठ करून बसले.

मी लो गिअर टाकला आणि सावकाश खाली निघाले. अर्धी उतरण झाली. मग आबा समोर बघतच म्हणाले,

"पाय दुखतान काय रं?"

मागे काकांनी पाय सरकवल्याचा आवाज आला.

"नाय," काका म्हणाले.

"माझं पन नाय," आबा म्हणाले.